थोरलीची उजवी बाजू

मत्स्यबीज केंद्रात नवीन कुणी कामाला लागलं की त्याला आधी आत्याचा डावा अंगठा दाखवला जाई. नख झिजून बोथट झालेलं, कातडी पाण्याने कायमची सुरकुतलेली. आत्या तळ्यात छातीभर गढूळ पाण्यात उभी राहायची, जाळ्यात आलेल्या माशाच्या तोंडाखाली तो अंगठा सरकवायची आणि मासा वर न काढताच सांगायची, "रोहू. बाईमाणूस आहे. घ्या बाजूला."

"आत्या, अंगठ्याला डोळा फुटलाय का गं तुझ्या?" पंपवाला बांधावरून ओरडायचा.

"फुटलाय तर! म्हणून तर काल पंप चालू ठेवून तू घोरत होतास ते दिसलं मला."

पंपवाल्याचा बापही तिथे पंपच चालवायचा. त्यामुळे पोरगा आत्याच्या डोळ्यांदेखत वाढला आणि तिला अगं-तुगं करायचा मान फक्त त्यालाच होता. बाकी ती सख्खी आत्या कुणाचीच नव्हती. वसाहतीतल्या मुलांनी कधीतरी हाक मारायला सुरुवात केली, मग त्यांच्या आया मारू लागल्या, आणि शेवटी साहेब लोकांच्या तोंडीही तेच बसलं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं, आणि तेव्हा ती स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघायची.

ती केंद्रावर आली ती तळ्यातलं शेवाळ काढायला. रोजंदारीवर. नवरा तिथेच राखणदार होता. उंच, हडकुळा, हातात बांबूची काठी. दिवसभर तो बांधांवरून फिरायचा आणि बगळे, खंड्ये, पाणकावळे हुसकायचा. पक्ष्यांची त्याला खडान्‌खडा माहिती, पण माशांच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. कटला कुठला, रोहू कुठला, काही कळायचं नाही.

"अहो, इतकी वर्षं राखताय, मासा ओळखता येत नाही?" आत्या म्हणायची.

"मला सगळे ओलेच दिसतात," तो म्हणायचा. "आणि चोर मासा ओळखून चोरतो होय? मी चोर ओळखतो, ते बास आहे."

आत्याला ओळखायला शिकवलं ते जुन्या मोठ्या साहेबांनी. साहेब चिडके होते, पण शिकवायची हौस दांडगी. शेवाळ काढता काढता ही बाई माशांकडे टक लावून बघते हे त्यांनी हेरलं आणि एक दिवस तिला टेबलापाशी बोलावलं. टेबलावर ओला स्पंज, स्पंजवर एक कटला आणि एक रोहू.

"सांग, फरक काय?"

"हा काळपट, हा तांबूस."

"चूक. रंग शेवटी बघायचा. रंग माशाचा नसतो, पाण्याचा असतो. चिखलाच्या तळ्यात टाक, चार दिवसांत दोघे भाऊभाऊ दिसतील. तोंडापासून सुरुवात कर."

मग त्यांनी क्रम लावून दिला. आधी तोंड. कटल्याचं तोंड वर उघडतं, खालचा जबडा पुढे आलेला, सदा कुणावर तरी रुसल्यासारखा. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं. मग ओठ. कटल्याचे ओठ गुळगुळीत, रोहूचे जाड आणि कडेला बारीक झालर, परकराला असते तशी. मग मिशी. रोहूच्या तोंडाच्या कोपऱ्यात खाचेत लपलेली छोटीशी मिशी असते, कटल्याला ती नसतेच. मग डोकं. कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने भलंमोठं, जणू थोरल्या भावाचं उसनं आणलेलं. मग पाठीवरचा पर, त्यातले काटे मोजायचे. कटल्याला जास्त. खवले त्यानंतर. आणि हे सगळं जमलं तर, मग रंग.

आत्याने हा क्रम पाठ केला. साहेबांची परीक्षा संपली तरी तिची संपली नाही. अंधूक पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून तिने ओठांची झालर अंगठ्याने ओळखायची सवय लावून घेतली. वर्षभरात साहेबांनी तिला शेवाळातून काढून बीजाच्या कामावर घेतलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा नवरा दारातच उभा राहिला. कपाळाला हात लावून त्याने सलाम ठोकला, "या बाईसाहेब, आता आम्ही तुमच्या तळ्यांचे राखणदार." आत्या लाजेने लालेलाल झाली. पण त्या रात्री भाजीत दोनदा मीठ पडलं तरी त्याने ती मुकाट्याने खाल्ली, हे तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

ते दिवस आठवले की आत्याला आधी वास आठवायचा. ओल्या सुतळीचा, पंपाच्या तेलाचा, ऊन लागलेल्या चिखलाचा. तेव्हा सगळी तळी भरलेली असायची. हंगामात माद्यांना इंजेक्शन द्यायचं, त्या अंडी सोडायच्या, आणि गोल टाक्यांतून जिऱ्याएवढी पिल्लं पाण्याबरोबर फिरत राहायची. त्यांना मत्स्यजिरेच म्हणतात. बोटाएवढी झाली की बोटुकली. लांबलांबचे तळेवाले पिंपं घेऊन दाराशी रांग लावायचे, आणि आत्याचा नवरा त्या रांगेत कुणाची विडी विझव, कुणाला सावलीत बसव, असा मिरवत फिरायचा.

मग एका दुपारी कालव्याच्या बाजूचा बांध फुटला.

दोन तळी एकदम रिकामी झाली. बोटुकली शेजारच्या शेतात पसरली, चिखलात, काटेरी तारेच्या कुंपणात, जिकडेतिकडे चमचमत तडफडायला लागली. सगळे धावले. आत्याच्या नवऱ्याने बादली भरली, मग घरातलं पातेलं आणलं, मग डोक्यावरची टोपी काढून तिच्यातही पाणी घेतलं. संध्याकाळपर्यंत तो गुडघ्यांवर रांगत होता. वाचवलेल्यातली बहुतेक बोटुकली दोन दिवसांत गेली. एक जगली. कुंपणाच्या तारेने तिच्या तोंडाचा डावा कोपरा फाटला होता.

"ही टिकणार," नवरा म्हणाला. "जखम झाली तरी चावायला बघत होती मला."

"कुठे सोडलीत?"

"रोहूच्या तळ्यात. तांबूस दिसली."

"वा! आता ओळखायलाही लागलात."

"शिकवणारी घरातच आहे म्हटल्यावर..."

पुढच्या थंडीत तो तापाने गेला. आठवडाभरही अंथरुणावर नव्हता. आत्या रडली, घरात बसली, आणि मग उठून तळ्यावर आली, कारण घरात काठी कोपऱ्यात उभी दिसायची आणि तळ्यावर निदान काम होतं. ओढलेल्या जाळ्यात ती ओठ फाटलेली मासोळी आली. चांगली हातभर झाली होती. आत्याने तिला उचललं नाही, नुसतं पाण्यातच धरून ठेवलं. मासोळीने दोनदा शेपटी आपटली आणि आत्याच्या तोंडावर पाणी उडालं. त्या दिवशी पंपवाल्याचा बाप बांधावरून म्हणाला, "पोरीने ओळखलं हो तुम्हाला." आत्यापुरतं ते खरं झालं.

मासोळी वाढत गेली. वाढता वाढता केंद्रातली सगळ्यांत मोठी मादी झाली आणि तिचं नाव थोरली पडलं. पुढे हंगाम आला की थोरलीला इंजेक्शन देताना आत्याच तिला धरायची. ओला पंचा डोळ्यांवर टाकायचा, म्हणजे मासा शांत राहतो. डोकं डावीकडे, शेपटी उजवीकडे. केंद्राच्या ऑफिसात मोठ्या साहेबांनी काढलेली माशांची चित्रं भिंतीवर होती. चित्रांतले सगळे मासे डावीकडे बघणारे. त्यामुळे टेबलावरही प्रत्येकजण मासा तसाच ठेवायचा. का, ते कुणी विचारलं नाही. देवासमोर उदबत्ती उजव्या हाताने लावतात, तसंच ते.

यंदा आत्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. आणि यंदाच तळेवाल्यांच्या तक्रारी फार वाढल्या. रोहूची बोटुकली म्हणून नेली आणि वाढल्यावर त्यांत मोठ्या डोक्याचे, तोंड वर उघडणारे मासे निघाले. म्हणजे मिश्र. रोहू पाण्याच्या मधल्या थरात चरतो, कटला वरच्या. तळेवाला त्याच हिशेबाने दोन्ही सोडतो. मिश्र मासा दोघांच्याही ताटात तोंड घालतो. आणि त्याचीच पिल्लं पुढे बीजासाठी वापरली गेली की दहाएक वर्षांत त्या भागात अस्सल रोहू औषधालाही मिळत नाही.

नव्याने आलेल्या मॅडमनी ठरवलं की हंगामाआधी बीजासाठी ठेवलेला एकूण एक मासा तपासायचा. मॅडम वयाने आत्याची लेक शोभतील एवढ्या. शिकलेल्या, कामाला वाघ, आणि चिखलात उतरायला मागेपुढे न बघणाऱ्या. पहिल्याच दिवशी पाय घसरून तळ्यात पडल्या आणि वर येऊन म्हणाल्या, "चला, तळं खोल आहे हे तपासून झालं." तेव्हापासून आत्याला त्या आवडायला लागल्या.

तपासणीच्या सकाळी फाटकापाशी बर्फाची गाडी येऊन उभी राहिली. बाद झालेला मासा बीजाला चालत नाही, तो बाजारात जातो. गाडीवाला बर्फाच्या पेटीवर बसून शेंगदाणे खात होता. मॅडम आणि आत्या टेबलाच्या दोन बाजूंना, पंपवाला झोळीतून मासे आणणारा. तोंड, ओठ, मिशी, डोकं, पर. संशय आला की मासा उलटा करून दुसरी बाजूही बघायची, असं मॅडमनी सकाळीच ठरवून दिलं होतं, कारण एका बाजूचा ओठ जाळ्याने झिजलेला असू शकतो. तीन मासे असे उलटे केले. दोन पास झाले, एक गाडीत गेला.

मग पंपवाला धापा टाकत आला. झोळी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली.

"सरका, सरका, महाराणी येतायत! आत्या, काय खायला घालतेस गं हिला? मला दे थोडं."

थोरली टेबलावर आली. स्पंज तिच्या वजनाने दबला आणि कडेने पाणी वाहिलं. आत्याने पंचा डोळ्यांवर टाकला. डोकं डावीकडे, शेपटी उजवीकडे.

मॅडम वाकल्या. "तोंड जरा वर उघडतंय."

"तारेची जखम आहे, मॅडम," पंपवाला म्हणाला. "लहानपणची. बांध फुटला तेव्हाची. वाचवलं होतं तिला, आत्याच्या..." आणि तो थांबला.

"माहीत आहे मला," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आणि ओठाची झालर?"

"तीपण तारेनेच गेली. मिशीसुद्धा."

"डोकं मोठं वाटतंय."

"वय झालं की सगळ्यांचंच वाटतं. माझ्या सासऱ्यांचं बघा."

मॅडम हसल्या. मग त्यांनी आत्याकडे बघितलं आणि हात पुसायला फडकं घेतलं. "ठीक आहे. जखमेमुळे असणार. पास."

पंपवाला झोळी पसरायला लागला. आत्या हलली नाही. तिचा हात थोरलीच्या कल्ल्यावर होता. कल्ला वर होत होता, खाली होत होता. मॅडमनी उलटी करायला सांगितलं नव्हतं. सकाळपासून संशय आलेला प्रत्येक मासा त्यांनी उलटा करायला लावला होता, आणि ही नाही. का नाही, ते आत्याला कळत होतं. आत्याला वाईट वाटू नये म्हणून. तिने नुसतं गप्प राहायचं होतं. झोळी भरली असती, थोरली तळ्यात गेली असती, हंगामात इंजेक्शन मिळालं असतं आणि तिचं जिरं पिंपांतून लांबलांब गेलं असतं, दरवर्षी जातं तसं.

दरवर्षी. ज्यांच्या तक्रारी आल्या, त्यांचीही पिंपं त्यांतच होती.

"मॅडम, उलटी करायची राहिली," ती म्हणाली.

"आत्या, गरज नाही."

"राहिलीय ती. अरे, शेपटीकडून धर."

पंपवाल्याने धरलं. दोघांनी मिळून थोरलीला उलटं केलं. आत्याने इतकी वर्षं या मासोळीला धरलं होतं, पण तिची उजवी बाजू कायम स्पंजावर किंवा झोळीत. ती बाजू अगदी स्वच्छ होती. कुठे ओरखडा नाही, तारेची खूण नाही. नवऱ्याने उचलली तेव्हा असेल तशी. आणि या जखम नसलेल्या बाजूलाही तोंड तितकंच वर उघडत होतं. वरचा ओठ गुळगुळीत. खालच्या ओठाला झालर होती, पण विरलेली, नावापुरती. कोपऱ्यातल्या खाचेत आत्याने नखाने हळूच चाचपलं. मिशी नव्हती. तुटलेली नव्हती, मुळात उगवलेलीच नव्हती.

मॅडमनी पाठीवरचा पर पंख्यासारखा उघडला आणि काटे मोजले. पुन्हा मोजले. मग पर तसाच हळू मिटला.

"किती?" आत्याने विचारलं.

"रोहूपेक्षा दोन जास्त."

पंपवाला म्हणाला, "पंपाचा आवाज बदललाय वाटतं," आणि तिकडे बघत उभा राहिला. पंप बंद होता.

"आत्या..." मॅडम म्हणाल्या.

"बोला की. का मी बोलू? मिश्र आहे. फुटलेल्या तळ्यांत आधीच भेसळ झाली असणार, आणि आमचे हे..." ती किंचित हसली. "त्यांना सगळे ओलेच दिसायचे. तांबूस दिसली, सोडली रोहूत. आणि मी त्यांचं ऐकलं. मोठे साहेब असते तर कान धरला असता माझा. रंग आधी बघितलास म्हणून."

"तुम्ही नाही हो, आम्ही सगळ्यांनीच एकच बाजू बघितली."

गाडीवाला शेंगांची टरफलं झटकत उठला. "मोठी आहे का हो ती? बर्फ काढू?"

"नाही!" आत्या इतक्या जोरात म्हणाली की तो पुन्हा बसला. मग ती मॅडमकडे वळली आणि आवाज खाली आला. "बीजाला नको. माझं काही म्हणणं नाही. पण गाडीत नको, मॅडम. कडेच्या छोट्या तळ्यात राहू दे. साठलेल्या पाण्यात ती आपण होऊन अंडी घालत नाही, कुणाला त्रास नाही तिचा."

मॅडमनी फाटकातल्या गाडीकडे बघितलं. "तुम्ही आहात तोवर ठीक आहे. पण पुढच्या वर्षी तुम्ही नसाल. मीपण कदाचित बदलून जाईन. नवीन माणूस येईल, एवढी मोठी मादी बघेल, तोंडाची जखम बघेल आणि आज मी म्हणाले तेच म्हणेल. मग पुन्हा सुरू."

हे खोटं नव्हतं. थोरलीचा कल्ला जोरजोरात हलायला लागला होता. आत्याने ओंजळीने पाणी घेऊन कल्ल्यावर सोडलं.

"मग खूण करू," ती म्हणाली. "कायमची. पोटाखालचा डावा पर मुळापासून कापायचा. वरवर कापला तर परत येतो, मुळापासून नाही येत. साहेब बाद माशांना तशी खूण करायचे, जुन्या लोकांना माहीत आहे. ज्याला पर नाही त्याला इंजेक्शन नाही, हे ऑफिसात चित्रांशेजारी लावून ठेवा, मोठ्या अक्षरांत."

"आणि खरं सांगू?" मॅडम म्हणाल्या. "मला शिकवायला अशी एक हवीच आहे. पुस्तकात सगळी चित्रं अस्सल माशांची. मिश्र कसा दिसतो ते कुठे बघायचं? नवीन माणसाला हिच्यावरच शिकवता येईल. दोन्ही बाजू." त्यांनी औषधांच्या पेटीतून कात्री काढून स्पिरिटने पुसली. "द्या, मी करते. तुम्ही डोळे मिटा हवं तर."

"डोळे मिटून कापतात का कुठे?" आत्याने कात्री हातात घेतली. "मीच करते. परक्याच्या हाताने नको तिला."

पंपवाल्याने धरलं. आत्याने एका हाताने पर ताणला. तो हाताला मऊ आणि गार लागला, ओल्या रेशमासारखा. मग कात्री मुळाशी नेली. नंतर पंपवाला सगळ्यांना सांगत राहिला, की कापताना ती तोंडाने सारखी काहीतरी बोलत होती, लेकरू कान टोचून घेताना आई बोलते तसं. एकदाच आवाज झाला. थोरलीचं सगळं अंग टेबलावर कमानीसारखं उसळलं आणि तिघेही भिजले. थोडं रक्त आलं. मॅडमनी औषध लावलं.

छोटं तळं ऑफिसच्या मागे होतं. दोघांनी झोळी नेली, मॅडम पुढे होऊन फांद्या बाजूला करत होत्या. आत्या स्वतः पाण्यात उतरली आणि झोळी पाण्याखाली उघडली. थोरली थोडा वेळ तिच्या पोटऱ्यांपाशीच थांबली. मग निघाली. पहिल्यांदा ती डावीकडे कलली, जणू पायरी चुकली, पुन्हा सावरली, पुन्हा कलली. मधोमध गेल्यावर तिचं अंग सरळ झालं आणि पाण्याने तिला झाकून घेतलं.

बर्फाची गाडी फाटकातून निघून गेल्याचा आवाज आला. पंपवाला मूठभर खाद्य घेऊन काठावर उभा होता.

"टाकू का गं? वर येईल बघ."

"नको," आत्या म्हणाली. "दुखत असेल तिला. आज राहू दे जरा एकटी."